बाळाचे व्हिटॅमिन डीचे थेंब: एमएल नको, आययू बघा

डिलिव्हरी मिरजेत झाली, सांगलीला घरी आलो तर डिस्चार्जच्या कागदावर अगदी शेवटी एक ओळ, व्हिटॅमिन डी ड्रॉप्स रोज, एक वर्ष. सासूबाई म्हणाल्या, अगं सांगलीत उन्हाला काय तोटा आहे, न्हाऊ घातलं की कोवळ्या उन्हात धरू लेकराला, आमच्या पोरांना कुणी दिलेत थेंब. मलाही पटलंच होतं खरं सांगायचं तर.

पण सकाळी सात-आठला ऊन तिरकं असतं, त्यात यूव्हीबी किरणं फार कमी, आणि कातडीत डी तयार होतं ते त्यांच्यामुळेच. ती भरपूर असतात साधारण ११ ते २ ला, आणि सांगलीतलं ते ऊन आपल्याला सोसत नाही तर दहा दिवसाच्या बाळाला कुठून सोसणार. बंद खिडकीच्या काचेतून तर यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. अंगावरच्या दुधात बाकी सगळं असतं पण डी अगदी थोडं, लिटरभर दुधात बहुतेक वेळा ५० आययूपण (आययू म्हणजे व्हिटॅमिन मोजायचं माप, इंटरनॅशनल युनिट) भरत नाही, आणि बाळाला रोज लागतं ४००. आईचंच डी कमी असेल तर बाळ जन्मतःच कमी साठा घेऊन येतं. डी नसलं की पोटात गेलेलं कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि हाडं मऊ राहतात, एवढंच गणित आहे.

आता खरा घोळ कुठे होतो तर ड्रॉपरमध्ये. एका बाटलीत १ एमएलला ४०० आययू असतं, दुसरीत १ एमएलला ८००, म्हणजे तिच्यातलं अर्धा एमएलच द्यायचं. आमची पहिली बाटली संपली, मेडिकलवाल्याने ती नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली, "सेमच आहे ओ ताई" म्हणून, आणि मी चार दिवस पूर्ण १ एमएल देत होते!! रडकुंडीला येऊन डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले चार दिवसाने काही होत नाही, सहा महिन्यांपर्यंत दिवसाला १००० ही वरची मर्यादा आहे, पण यापुढे बघून द्या. अमेरिकेत २०१० ला तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, याच ड्रॉपरच्या गोंधळाबद्दल इशारा दिला होता, म्हणजे मी एकटीच येडी नाही. जास्त डोस बरेच दिवस गेला तर रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, शी घट्ट, सारखी सू, किडनीला त्रास. म्हणून नवीन बाटली आणली की आधी लेबल वाचायचं, ४०० आययू म्हणजे किती एमएल ते पेनाने मोठं लिहून बाटलीला चिकटवायचं, आणि ड्रॉपर त्याच बाटलीचा वापरायचा. ६०,००० आययूवालं पाकीट किंवा गोळी आईसाठी लिहून दिलेली असते, ती बाळाच्या औषधांजवळ ठेवूच नका.

द्यायचं कसं, तर दूध पाजायच्या आधी, बाळाला जरा उभट धरून, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं, घशात डायरेक्ट नाही. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल देऊ नका. मी कॅलेंडरवर टिक करते, नाहीतर मी पण देते आणि हे पण देतात. बाळ नऊ महिन्यांच्या आधी झालेलं असेल किंवा वजन कमी असेल तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टरच ठरवणार. वरचं दूध म्हणजे पावडरचं चालू असेल तर त्यात डी घातलेलं असतं, किती पिते ते सांगून विचारा.

टाळूवर तेल घालून किंवा मालिश करून डी मिळत नाही. मालिश करा हो, पण मावशींना सांगा पाय ओढून सरळ करू नका, दुपट्यात पाय सरळ घट्ट बांधू नका, खुब्याच्या सांध्याला धोका असतो.

बाळाला आकडी आली तर लगेच हॉस्पिटल, कॅल्शियम घसरल्यानेही येते. मनगटं जाड दिसणं, पाय जास्तच वाकणं, दीड वर्ष उलटलं तरी टाळू न भरणं, यातलं काही दिसलं तर दाखवून घ्या.

सहा महिन्यांनी नाचणीचं सत्त्व सुरू केलं तरी थेंब चालूच, नाचणीत कॅल्शियम आहे, डी नाही.

कोवळ्या उन्हाचा कार्यक्रम आमच्याकडे अजून आहेच, सासूबाईंना तेवढाच नातवाशी गप्पा मारायला टाइम मिळतो, थेंब मी त्याच्या आधीच देऊन टाकते.