कंदील दोन कागदांवर तुटला

बडोद्याच्या फाइन आर्ट्समधून बाहेर पडल्यावर चित्रं काढायला मिळालेलं माझं पहिलं पुस्तक दिवाळीचं होतं. २४ पानी, मधे पिना मारलेलं. ८-९ या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, मी हौसेनं मोठ्ठा आकाशकंदील टांगला, बरोबर मधोमध. छापून आला तेव्हा त्याचे दोन अर्धे वरखाली झालेले. डावा नारिंगी, उजवा विटकरी.

प्रेसची चूक नव्हती. पिनांच्या पुस्तकात फक्त मधलं जोडपान, म्हणजे १२-१३, अखंड एका कागदावर असतं. बाकी प्रत्येक जोडपानाचे दोन भाग वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात. तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी सहा कोरे कागद एकात एक घाला, मधे घडी घाला आणि पानांवर १ ते २४ आकडे टाका. ही डमी हातात असली की कंदील कुठे टांगायचा नाही ते आपोआप कळतं. चेहरे, हात, अक्षरं घडीवर आणूच नका.

डमीचा दुसरा उपयोग मला भाचीनं शिकवला. गोष्टीत अंगणातल्या किल्ल्यावर मावळे मांडून होतात आणि महाराजांची मूर्तीच सापडत नाही. हा शोध मी डाव्या पानावर ठेवला होता, मूर्ती उजव्या. तिनं पुस्तक उघडताच बोट ठेवलं, “मावशी, इथेच तर आहेत महाराज!” झालं, गोष्ट संपली. शोध उजव्या पानावर हवा, उत्तर पान उलटल्यावर.

दिवाळी म्हणजे रात्र, आणि रात्र म्हणजे गडद निळा. त्यावर पांढरी बारीक अक्षरं टाकायचा मोह आवरा. छपाईत एकावर एक बसणारे चार रंग जरासे सरकले तरी वेलांट्या शाईत बुजतात. मी आता मजकूर पणतीच्या उजेडात, फिकट भिंतीवर बसवते आणि ओळींत ऐसपैस अंतर ठेवते, नाहीतर वरचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. संगणकाच्या पडद्यावरचा झगझगीत नारिंगी छपाईत मंदावतोच. मग भोवतीचा काळोख वाढवायचा, कंदील उजळतो.

सवड काढून बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघून या. वही बरोबर न्या. रंगांपेक्षा, भिंतीवर कुठे किती जागा सोडलीय त्याची टिपणं काढा.

दुसऱ्या पुस्तकातला कंदील मी १२-१३ वर टांगला. तरी घडीपासून चार बोटं लांबच.