बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलमध्ये आणताना
बॅटरी पूर्ण उतरली की ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी'मध्येच (पार्क) अडकतो, कारण ब्रेक दाबल्यावर त्याचा खटका सोडणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर हलणाऱ्या छोट्या भागाला) वीजच मिळत नाही. लिव्हरवर जोर करू नये. आधी हँडब्रेक ओढून चाकांना उताराच्या बाजूने दगड लावावेत. मग बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी असलेले 'शिफ्ट लॉक'चे छोटे झाकण काढून, आतल्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबून धरत आणि ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर 'एन'वर आणावा. लिव्हरऐवजी बटणे असलेल्या गाडीला बहुधा जंप स्टार्टच (दुसऱ्या बॅटरीची वीज) द्यावा लागतो.

मात्र न्यूट्रलमध्ये आली म्हणून, इंजिनाची ताकद मिळणारी चाके रस्त्यावर ठेवून गाडी दूरवर ओढत नेणे घातक आहे: इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडेच घासतात. टोइंगवाल्याकडे फ्लॅटबेडचाच (अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकचाच) आग्रह धरावा.