सीरम प्रोटिओमिक्स : माझे सात महिने कुठे गेले

सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळं पाणी, आणि प्रोटिओमिक्स म्हणजे त्यातली प्रथिनं एकगठ्ठा मोजणं. हे काम सुरू केलं की पहिल्या शिव्या अल्ब्युमिन या प्रथिनाला पडतात. मिलिलिटरला 60 ते 80 मिलिग्रॅम प्रथिनं, त्यातलं निम्म्याहून जास्त हे एकटंच. आणि आपल्याला हवं ते सायटोकाइन (पेशींचं निरोप्या प्रथिन) पिकोग्रॅममध्ये. म्हणून डिप्लीशन कॉलम, म्हणजे अल्ब्युमिनसारखी भरमसाट प्रथिनं अडकवून बाकीची पुढे सोडणारी नळी. कुठला घ्यावा यावर मी दोन महिने गाइडचं डोकं खाल्लं.

गोत्यात आले ते भलत्याच ठिकाणी. रुग्णांचं रक्त ओपीडीतून यायचं. नळ्यांचा डबा घेऊन मामा जेवून निघायचे, तोवर तीन-चार तास उलटलेले. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे निरोगी लोक, आम्ही लॅबमधलीच पोरं: अर्धा तास गोठू दिलं की लगेच सेंट्रिफ्यूज. डेटात रुग्णांकडे पेरॉक्सिरेडॉक्सिन-2, कॅटालेज, कार्बोनिक अनहायड्रेज-1 सगळंच वाढलेलं! ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची (ऑक्सिजनच्या जहाल रेणूंचा पेशींवर पडणारा ताण) छान गोष्ट रचली, पोस्टर छापलं. पोस्टरसमोर एका मॅडमनी हळूच विचारलं, "हिमोग्लोबिनही वाढलंय का गं?"

वाढलं होतं. ही सगळी तांबड्या पेशींच्या पोटातली प्रथिनं. आजार कसला, पेशी फुटल्या होत्या.

सीरम पिवळं दिसतंय म्हणून गाफील राहू नका, थोडं फुटलेलं डोळ्याला कळत नाही. प्रत्येक नमुना 414 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो ते मोजा, हिमोग्लोबिन तिथेच पकडलं जातं. दोन मायक्रोलिटरचं काम आहे. बारीक सुईनं जोरात ओढलेलं रक्त फुटतं, नळी खळखळून हलवली तरी फुटतं, गोठायच्या आत फ्रिजमध्ये ढकललेलंही बिघडतं. रक्त काढल्याची आणि सेंट्रिफ्यूजची वेळ नळीवरच लिहा, वहीत नाही. दोन्ही गटांना तीच नळी, तेवढाच वेळ. एकदा पेशी फुटल्या की चौदा प्रथिनं काढणारा महागडा कॉलमही वाचवत नाही.

कॉलमबद्दल एवढंच: क्षमतेपेक्षा जास्त सीरम घातलं की अल्ब्युमिन सरळ पलीकडे निघतं. आणि अडकलेला भाग फेकू नका, अल्ब्युमिनला चिकटून बरीच लहान प्रथिनं त्यातच जातात. सिनियरचा "चालतो गं" म्हणून दिलेला प्रोटोकॉल मी तरी आता कंपनीच्या कागदाशी ताडल्याशिवाय वापरत नाही. तो बहुतेकदा कुठल्या तरी जुन्याच कॉलमचा असतो.

सात महिने गेले म्हणून पीएचडी बुडत नाही, माझी नाही बुडाली. उणे 80 अंशांच्या फ्रीझरमधले सगळे नमुने 414 ला तपासले, निम्मे बाद झाले, उरलेल्यांवर पुन्हा बसले. नवे नमुने आणायला ओपीडीत मीच जाते. सिस्टर लांबूनच ओरडतात, "आली घड्याळवाली!"