‘पर्यंत’ला इंग्रजीत बाय की अनटिल?

मेल लिहिताना ‘शुक्रवारपर्यंत’ आलं की हात अडखळतो: बाय फ्रायडे की अनटिल फ्रायडे? मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च असल्यामुळे हा घोळ होतो. इंग्रजी शब्द आठवण्याआधी मराठी वाक्यच तपासून घ्या.

१. ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचपर्यंत रिपोर्ट पाठवा’, ‘पाचच्या आत रिपोर्ट पाठवा’. जमलं? मग बाय. काम एकदाच होऊन संपणार आहे.

२. ‘पाचपर्यंत ऑफिसात आहे’ इथे ‘पाचच्या आत ऑफिसात आहे’ म्हटलं की अर्थच बिघडतो. गोष्ट तोवर चालू राहणार, म्हणून अनटिल किंवा टिल. दोन्हींचा अर्थ एकच. टिल जरा बोलण्यातलं.

३. नकार असेल तर नीट बघा. ‘पाचपर्यंत निघणार नाही’ म्हणजे तोवर न निघणं चालू आहे: आय वोन्ट लीव्ह अनटिल फाइव्ह. इथे बाय टाकलं तर अर्थ होतो, ‘पाच वाजले तरी निघालेलो नसेन’. समोरचा मग वाट बघत बसतो.

अशीच गडबड ‘दोन दिवसांत’ची. इन टू डेज म्हणजे बहुधा दोन दिवसांनी. उद्याही होऊ शकत असेल तर विदिन टू डेज लिहा.

एक सांभाळा: अनटिल फ्रायडे म्हटल्यावर शुक्रवार धरायचा की नाही, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नसतं. रजेच्या मेलमध्ये तर ते वापरूच नये. कामावर परत कधी येणार, ती तारीख सरळ लिहावी.