राक्षसासाठी न हसणारा माणूस शोधा: गोव्यात काळ्या विनोदाची परीकथा करताना

परीकथेची शॉर्ट फिल्म करायची, तीही काळ्या विनोदाची, म्हणजे भीषण गोष्टीतून हसवणारी, असं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन ओळखीतल्या सर्वांत विनोदी नटाला लावतात. तो सर्वांत शेवटी लावा. नाहीच लावला तरी चालेल. विनोदी नट वाक्य टाकतो आणि हशाची वाट बघतो. कॅमेऱ्यासमोर हशा येत नाही. समोर फक्त बूम माइक धरून घामाघूम झालेला एक मुलगा असतो. मग नट अजून थोडं करतो, भुवया उडवतो, आणि माणसं खाणारा राक्षस लग्नाच्या हॉलमधल्या निवेदकासारखा वाटायला लागतो.

आपण विनोदी गोष्टीत आहोत याचा गोष्टीतल्या माणसांना पत्ताच नसला पाहिजे. नटांपासून संकलकापर्यंत सगळी माणसं मी याच एका कसोटीवर निवडते. मी फोंडा तालुक्यातली. उत्सवी नाटकांत विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करत मोठी झाले, आता शॉर्ट फिल्म करणाऱ्या पोरांना माणसं जमवून देते. पुढचं सगळं त्या अनुभवातलं.

आधी गोष्ट एका पानावर

माणसं शोधायला निघण्याआधी लेखकाकडून एक पान लिहून घ्या. त्यात अशक्य गोष्ट एकच हवी. बाकी सगळं रीतसर, पावती-शिक्क्यासकट.

आम्ही बकासुर घेतला होता. मूळ गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: एकचक्रा नगरी, रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. आमच्या राक्षसाला डॉक्टरांनी भात बंद केला होता. गाडा नको, रेडे पचत नाहीत, फक्त माणूस पाठवत जा, असं नम्र पत्र तो गावच्या समितीला पाठवतो. समिती सभा बोलावते. माणूस मुळात का पाठवायचा, हे कोणीच विचारत नाही. वाद एवढाच, की पाळी वाड्यावार लावायची की आडनावांच्या अकारविल्ह्याने, आणि भाडेकरू घरमालकाच्या हिशेबात धरायचे का.

रेडे का पचत नाहीत याला निर्मितीचंही कारण होतं. चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. छोट्या फिल्मला तो पत्रव्यवहार झेपत नाही. लेखक हुशार असेल तर अशी अडचण तो संवादात जिरवतो, आणि मला लेखकाची पारख इथेच होते.

लोककथा, पुराणकथा मोकळ्या असतात. पण एखाद्या लेखकाने पुस्तकात केलेली मांडणी मोकळी नसते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. आजीची गोष्ट घ्या, पुस्तकातली वाक्यं घेऊ नका.

नट कुठे सापडतात

गोव्यात नटांसाठी जाहिरात द्यावी लागत नाही, जत्रेला जावं लागतं. देवळांच्या उत्सवांत गावची माणसं मराठी नाटकं करतात. दिवसा पंचायतीत कारकून असलेला माणूस रात्री शंभूराजे होतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचे प्रयोगही चुकवू नका. मात्र नायकाकडे बघू नका. दुसऱ्या अंकात तबक घेऊन येणारा नोकर, खलनायकाचा हुजऱ्या, दाराशी उभा द्वारपाल, यांच्याकडे बघा. स्वतःचं वाक्य नसताना तो समोरच्याचं ऐकतोय का? ऐकत असला तर नाव टिपून घ्या. प्रेक्षकांत मेहुणा आलाय का हे शोधत असला तर सोडून द्या.

पेडणे भागात काला, म्हणजे रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायला मिळाला तर संकासुर नीट बघा. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा असुर काळा वेश करून येतो आणि लोकांना हसवतो. भय आणि हसू एकाच अंगावर कसं चढवायचं, हे आपल्याकडे रात्रीच्या रात्री चालत आलंय. त्यासाठी परदेशी फिल्म बघत बसायची गरज नाही. (बघा जरूर, पण आधी काला.)

तियात्र म्हणजे कोकणी रंगमंचावरची लोकप्रिय नाटकं. त्यातल्या नटांचं टायमिंग लाजवाब असतं, पण सवय प्रेक्षकांशी थेट बोलायची. म्हणून त्यांना जो गोष्टीतही लोकांसमोर भाषण करतो तो माणूस द्यायचा. आमच्या समितीचा अध्यक्ष तिथूनच आला.

ऑडिशनला विनोद देऊ नका

मी वीजपुरवठा बंद राहण्याची सूचना वाचायला देते. उद्या अमुक फीडरवर देखभालीचं काम, सकाळी ९ ते दुपारी ५ वीज नाही, अमुक वाडे, तमुक वाडे, ग्राहकांनी सहकार्य करावे. साधी, सपाट. मग लगेच दुसरा कागद: ‘उद्याची पाळी खालच्या वाड्याची. जाणाऱ्याने स्वच्छ आंघोळ करून यावे. तेल लावू नये.’ आवाज तोच राहिला पाहिजे. दुसऱ्या कागदाला ज्याचा आवाज घोगरा, गूढ होतो तो गेला. ज्याला हसू फुटतं तोही गेला.

एक गृहस्थ आले होते. उत्सवी नाटकांत वर्षानुवर्षं स्त्री-भूमिका केलेले, बाजारात केळ्यांचं दुकान. दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि मला विचारलं, “बाय, तेल खंयचें? खोबरेल?” मस्करी नव्हती. उद्या जाणाऱ्याला नीट सांगता यावं म्हणून त्यांना खरोखर माहिती हवी होती. मी म्हटलं, “काका, समितीवाल्याचा कागद खाली ठेवा. राक्षस तुम्ही करा.” ते म्हणाले, “मग खोबरेल चालेल.”

स्त्री-भूमिका केलेल्या नटांबद्दल माझा पक्षपात आहे, कबूल. चालणं-बसणं दुसऱ्याचं घ्यायचं आणि त्याची टर उडवायची नाही, ही शिस्त त्यांच्या हाडात असते. राक्षसाला नेमकी तीच लागते.

जत्रेच्या नटांची खरी अडचण आवाजाची. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत शब्द पोचवायची सवय जात नाही. ‘हळू बोला’ सांगून उपयोग नाही, मग ते कुजबुजतात आणि कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. नटाला स्वयंपाकघरात पाटावर बसवा, समोरच्याला नारळ खवायला द्या, आणि सांगा, “भटजी बाहेर बसलेत, दक्षिणा किती द्यायची ते ठरवा.” आवाज आपोआप बसतो. तीच पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा.

मुलं

परीकथेत मूल असतंच, आणि इथेच नवखे लोक निष्काळजी असतात. ‘आपल्याच भाचीला घेतलंय’ म्हणून नियम टळत नाहीत. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पालकांची संमती लागते, जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती सेटवर लागते, आणि मुलाच्या मिळकतीतली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते.

काळ्या गोष्टीत मी अजून एक पाळते: मुलाला पूर्ण गोष्ट आधी सांगायची, शेवटासकट, आईच्या समोर. मुलं घाबरत नाहीत. आमची छोटी नटी उलट विचारत होती की राक्षस जेवणाआधी हात धुतो का. ते वाक्य फिल्ममध्ये गेलं.

पडद्यामागची माणसं

कलादिग्दर्शक मुंबईहून आणायचा विचार असेल तर आधी तुमच्या वाड्यावरची नरकासुर करणारी पोरं बघा. दिवाळीच्या आदल्या रात्री जो पुतळा उभा राहतो आणि पहाटे जळतो, तो बांबू, गवत, कागद आणि खळ यांतून पोरंच करतात. राक्षस घडवायचा सराव याहून कोणाला असणार? फक्त त्यांना आवरावं लागतं. आमच्या पोरांनी पहिल्या दिवशीच शिंगं, सुळे आणि लाल दिव्यांचे डोळे काढून दाखवले. मी म्हटलं, शिंगं नकोत, मला फक्त हात द्या. मोठे हात, माणसाच्या दीडपट, आणि नखं व्यवस्थित कापलेली. नखं कापायची हे त्यांना पटेना. पण बांबूच्या पातळ पट्ट्यांवर कागदाचे थर चढले, आतून कापडी हातमोजा शिवला, आणि काकांनी ते हात घालून समितीच्या पत्रावर सही केली तेव्हा मॉनिटरमागे उभ्या पोरांना कळलं. खळीला मुंग्या लागतात आणि आपल्याकडच्या दमटपणात कागद सुटतो, तेव्हा असं काम शूटच्या जेमतेम आठवडाभर आधी करून बल्बखाली वाळवत ठेवा.

जंगल दाखवायचं असेल तर चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे रानफळांचं छत, बांधणारा माणूस गाठा. कुठलं रानफळ कुठल्या डोंगरावर आणि कुठल्या महिन्यात मिळेल, हे त्याला ठाऊक असतं. प्लास्टिकची वेल विकत घेण्याआधी त्याच्याशी बोला.

ध्वनिमुद्रक मात्र कसलेला घ्या, इथे काटकसर नको. गोव्यातला गाव शांत असतो हा पर्यटकांचा समज. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा, मग मासळीवाली, मग कोणाच्या तरी घराचे चिरे कापायचं यंत्र. आमच्याकडे राक्षस दार उघडतो त्या क्षणी पोदेराचा पों-पों आला. ध्वनिमुद्रक मुलगी म्हणाली, ठेवूया. राक्षस पाव घेतो, सुट्टे पैसे देतो, मग पाळीच्या माणसाला आत बोलावतो. अशी माणसं टीममध्ये लागतात.

संगीतात घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं चामडी वाद्य, घेणार असाल तर बकऱ्याच्या कातड्याचं घ्या. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, पण वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालंय.

संकलक निवडताना त्याला दोन माणसं गप्प बसलेला एक शॉट द्या आणि विचारा, कुठे कापशील? जो लगेच कापतो तो जाहिरातींना ठीक. काळा विनोद बहुतेक वेळा वाक्यानंतरच्या शांततेत असतो. मात्र ही शांतता एकूण १५ मिनिटांच्या आत बसली पाहिजे. ऑस्करच्या नियमात शॉर्ट फिल्म ४० मिनिटांपर्यंत चालते, पण महोत्सवांच्या कार्यक्रमात लांब शॉर्टला जागा मिळणं कठीण.

तारखांचं थोडक्यात: चवथीत कोणी येणार नाही, विचारूही नका. जत्रा रंगात आल्या की नटांच्या रात्री गेल्या. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव; २००४ पासून ती पणजीत होते आणि बरीच तांत्रिक माणसं तिकडे अडकतात. दिवाळी आणि इफ्फी यांच्यामधली फट बरी. नरकासुरवाली पोरं मोकळी असतात आणि उरलेला बांबूही असतो. परवानग्यांसाठी पणजीत गोवा मनोरंजन संस्थेकडे जा. अभयारण्यात शूट असेल तर वनखातं वेगळं. ड्रोन उडवण्याआधी हवाई हद्दीचा नकाशा तपासा, दाबोळीला नौदलाचा तळ आहे.

कागद आणि नावं

मित्र असले तरी लेखी करा. विशेषतः लेखकाशी आणि संगीतकाराशी. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फिल्म परदेशी महोत्सवाला निवडली गेली आणि कागदावर प्रदेशच नाही, तर लेखकाच्या दारात पुन्हा उभं राहावं लागतं. नटांच्या कागदावर भूमिका, दिवस, मानधन, जेवण-प्रवास कोणाचा, आणि पडद्यावर नाव कसं यावं एवढं हवंच.

महोत्सवाला पाठवायच्या पानावर कलाकार आणि निर्मात्यांचा परिचय असतो. तिथे ‘लहानपणापासून अभिनयाची आवड’ हे वाक्य दिसलं की मी खोडते. आमच्या राक्षसाचा परिचय असा गेला: ‘फोंडा तालुक्यातल्या उत्सवी नाटकांत अनेक वर्षं स्त्री-भूमिका. दिवसा केळ्यांचं दुकान. पडद्यावर पहिल्यांदा.’ नरकासुरवाल्या पोरांना ‘कला साहाय्य’मध्ये ढकलायचा बेत होता. मी त्यांच्या मंडळाचं नाव आणि ‘राक्षसाचे हात’ असं स्वतंत्र श्रेय लिहायला लावलं.

नावांचं रोमन स्पेलिंग प्रत्येकाकडून त्याच्याच हाताने लिहून घ्या. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ नाईक के-ने संपवतो आणि दुसरा पोर्तुगीज काळातल्या कागदाप्रमाणे क्यू-यू-ईने. श्रेयनामावली तयार झाली की शेवटचा मसुदा व्हॉट्सॲपवर सगळ्यांना टाका, दोन दिवस थांबा, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या दुकानात जाऊन छापील कागद दाखवा. सबटायटल्स बसवायला त्यानंतरच द्या.