चार महिने बंद घरात राहिलेलं झेडझेड

आईच्या आजारपणामुळे फेब्रुवारीत गावी गेले, ती जूनमध्येच कोथरूडला परतले. फ्लॅट बंद, खिडक्या बंद, पुण्याचा अख्खा उन्हाळा. हॉलमधल्या झेडझेडची (हे घरात ठेवायचं शोभेचं झाड) बरीच पानं गळून कुंडीभोवती पडली होती, दोन दांड्या पिवळ्या होऊन आडव्या. फार वाईट वाटलं, कारण ते आईनेच लावून दिलेलं.

टाकण्याआधी बोटाने माती उकरली. आतले बटाट्यासारखे कंद थोडे सुरकुतले होते, पण दाबले तर घट्ट लागले. हे झाड मूळचं पूर्व आफ्रिकेचं. तिथल्या कोरड्या दिवसांसाठी ते कंदात पाणी साठवतं आणि फारच ताण पडला की पानं गाळून खर्च कमी करतं. म्हणजे पानं गेली तरी झाड गेलं असं नाही. कंद मऊ किंवा वास येणारा असता तर मात्र तेवढा कापून टाकावा लागला असता.

वरून पाणी घातलं तर ते कडेने सरळ खाली. मातीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पार सुकलं की वरून घातलेलं पाणी नीट धरत नाही. मग कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवली आणि पूर्ण निथळू दिली. पिवळ्या दांड्या कापल्या, हातमोजे घालून, कारण याच्या रसाने खाज सुटते. खत अजिबात नाही. खिडकीपासून थोडं आत, थेट ऊन नाही. माती पूर्ण वाळल्यावरच पुढचं पाणी. पावसाळ्यात त्याला तीन आठवडेही लागले.

गणपतीच्या सुमारास दोन हिरवेगार कोंब वर आले. पहिला फोटो आईला पाठवला.