सिल्व्हर क्लोराइड कसे तयार करावे

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण पडले की पांढरा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, तयार होतो; तोच सिल्व्हर क्लोराइड. तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही: २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम. म्हणून हा क्षार बनवणे सोपे आहे. कष्ट आहेत ते धुण्यात.

प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा, हातमोजे आणि चष्मा घालून. सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कातडीवरून साबणाने निघत नाहीत, आणि डोळ्याला तर ते गंभीर इजा करते.

१.७ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. नळाचे पाणी घेतलेत तर त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण आधीच गढूळ होईल. त्यात विरल नायट्रिक आम्लाचे चार-पाच थेंब टाका. दुसऱ्या बीकरमध्ये तेवढ्याच पाण्यात ०.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड घ्या. ते गरजेपेक्षा किंचित जास्त आहे. फार वाढवू नका, कारण भरपूर क्लोराइडमध्ये साका पुन्हा थोडा विरघळतो.

खोलीतला प्रकाश मंद करून मिठाचे द्रावण थेंबथेंब सोडा, काचकांडीने ढवळत राहा. मग बीकर गरम करा, पण उकळू देऊ नका. साका दह्यासारखा गोळा होऊन वरचे पाणी नितळ झाले की गाळा.

आता धुणे. नुसत्या पाण्याने धुतले तर कण सुटे होऊन गाळण कागदातून निसटतात, म्हणून पाण्यात नायट्रिक आम्लाचा अंश हवाच. खाली आलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा; गढूळपणा दिसेनासा होईपर्यंत धूत राहा. सुमारे ११० अंशांवर वाळवून गडद बाटलीत भरा. हिशेबाने १.४३ ग्रॅम मिळायला हवे, हाती थोडे कमीच येते.

उजेडात हा पांढरा क्षार जांभळट-करडा पडतो, कारण त्यातून चांदीचे बारीक कण सुटतात. १८३० च्या दशकात छायाचित्रणाचा इंग्रज प्रवर्तक टॅल्बट याने मीठ लावलेल्या कागदावर छायाचित्रे उमटवली ती याच गुणावर. आज हा क्षार पीएच मीटरच्या इलेक्ट्रोडमध्ये आणि ईसीजीसाठी छातीवर चिकटवतात त्या पॅचमध्येही असतो.

ओळख पटवायची तर चिमूटभर साका अमोनियात टाका, विरघळेल. मात्र हे द्रावण साठवू नका, कालांतराने त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. लगेच विरल नायट्रिक आम्लाने ते आम्लधर्मी करा. साका परत येईल, तो चांदीच्या कचऱ्याच्या बाटलीत टाका. चांदीचा भाव पाहता सिंकमध्ये ओतणे परवडणारे नाही. जस्त आणि विरल सल्फ्युरिक आम्लाने त्यातली चांदी परत मिळते.